उजेडात पोचायचं : मॉरिशसमधला गाडीप्रवास

निघण्याआधी

मॉरिशस बेट उत्तर-दक्षिण साधारण ६५ किलोमीटर आणि पूर्व-पश्चिम ४५. नकाशावर पाहिलं की वाटतं, एवढ्याशा बेटावर गाडी चालवायला कसला आराखडा हवा? विमानातून उतरायचं, किल्ली घ्यायची आणि निघायचं. त्यात गाड्या आपल्यासारख्याच रस्त्याच्या डाव्या बाजूने, स्टिअरिंग उजवीकडे, रस्त्यांवरच्या पाट्या किलोमीटरमध्ये. हे सगळं खरं आहे. पण विमानतळ बेटाच्या आग्नेय टोकाला आहे, प्लेझान्सला, आणि बहुतेक पर्यटकांचे मुक्काम उत्तरेला ग्रां बेकडे नाहीतर पश्चिमेला फ्लिक अं फ्लाकच्या किनाऱ्यावर असतात. म्हणजे रात्रभराच्या जागरणानंतर, अनोळखी गाडी अनोळखी रस्त्यावरून अख्खं बेट ओलांडून न्यायची. सुट्टीतला सगळ्यात धोक्याचा तास कुठला असं कुणी मला विचारलं तर मी हाच सांगेन. म्हणून आमच्या सहलीची आखणी आम्ही त्या तासापासून सुरू केली. हॉटेलं, समुद्र, धबधबे हे सगळं नंतर.

दादा, वहिनी, त्यांची पाच वर्षांची मनू आणि मी. गाडी दादा आणि मी आलटून-पालटून चालवणार, रस्ता वहिनी सांगणार. करारात दोन्ही चालकांची नावं घालावी लागतात. ज्याचं नाव करारात नाही त्याने गाडी चालवली आणि काही झालं, तर विमा हात वर करतो. म्हणून बुकिंग करतानाच दोघांची नावं आणि परवाने कळवले. आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवानेही काढून घेतले. तो वर्षभर चालतो, मात्र सोबत मूळ परवाना लागतोच.

विमानाच्या वेळेवर घरात बराच खल झाला. मॉरिशसचं घड्याळ भारताच्या दीड तास मागे आहे आणि मुंबईहून थेट विमान साडेसहा तासांच्या आसपास घेतं. स्वस्त तिकीट होतं ते संध्याकाळी उशिरा पोचणारं. आम्ही दुपारच्या आत पोचणारं घेतलं, थोडे पैसे जास्त गेले. कारण जुलैत तिथे हिवाळा असतो आणि सूर्य सहाच्या आत मावळतो. शिवाय उष्ण कटिबंधात संध्याकाळ रेंगाळत नाही. सूर्य बुडाल्यावर वीस-पंचवीस मिनिटांत काळोख होतो. डिसेंबरात गेलात तर दिवस जवळजवळ तासाभराने उशिरा मावळतो, पण मग तो चक्रीवादळांचा काळ असतो, नोव्हेंबर ते मे. १५ जानेवारी २०२४ ला ‘बेलाल’ वादळाच्या पावसाने पोर्ट लुईच्या रस्त्यांवरून मोटारी वाहून गेल्या होत्या, आणि त्याआधी ३० मार्च २०१३ ला तिथल्याच अचानक आलेल्या पुरात ११ माणसं गेली. तिथे वादळाचे इशारे चार पायऱ्यांचे असतात. तिसरी पायरी लागली की लोक घरात थांबतात. उन्हाळ्यात जाणाऱ्याने रोज सकाळी गाडी काढण्याआधी हा इशारा पाहावा आणि पाणी वाहत असलेल्या रस्त्यात गाडी घालू नये. फूटभर वाहतं पाणीसुद्धा लहान गाडीला सरकवू शकतं.

पहिला मुक्काम आम्ही मुद्दाम ब्लू बेला घेतला, विमानतळापासून अगदी काही किलोमीटरवर. पश्चिमेला जायचं ते नंतर, झोप पुरी झाल्यावर आणि सकाळी. दादाला आधी हे पटत नव्हतं. ‘दोन हॉटेलं म्हणजे दोनदा सामान बांधायचं,’ असं त्याचं म्हणणं. वहिनी म्हणाल्या, ‘सामान मी बांधते, तुम्ही फक्त झोपून घ्या.’ विषय संपला.

शनिवार

विमानात मनू झोपली, आम्ही तिघं अर्धवट जागे. सलग १७ तास जागं असलेल्या माणसाची हालचाल आणि प्रतिसाद रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतके मंदावतात, असं प्रयोगांतून दिसलेलं आहे. आदल्या सकाळी सहाला उठलेला माणूस रात्री अकरालाच तिथे पोचतो. आमचं विमान तर त्यानंतर कितीतरी वेळाने उतरलं. ज्याने पिण्याचा विचारही केलेला नाही तोसुद्धा या अवस्थेत स्टिअरिंगवर बसतो आणि त्याला स्वतःला ते कळत नाही, हे मला फार भीतीदायक वाटतं. त्यामुळे घरीच ठरलं होतं की विमानात जो जास्त झोपेल तो पहिली गाडी चालवेल. दादा झोपला होता.

विमानतळाची इमारत २०१३ ची, ‘प्रवासी केळ’ नावाच्या पंख्यासारख्या झाडावरून तिचा आकार घेतलेला. ती नीट पाहायची तर परत जाताना पाहा. आल्या आल्या तीन कामं महत्त्वाची. मोबाइलचं सिम घेतलं आणि ते चालू झालं का हे इमारतीच्या आतच तपासलं. आपत्कालीन क्रमांक दोन्ही फोनमध्ये भरले: पोलिसांसाठी ९९९ किंवा ११२, रुग्णवाहिकेसाठी ११४, अग्निशमनासाठी ११५. आणि सगळ्यांनी तोंड धुऊन, पाणी पिऊन, थोडं खाऊन घेतलं. उपाशी पोटी गाडीचे कागद वाचू नयेत, घाईत सही होते.

कागद वाचायला मात्र वेळ घालवलाच. विम्यात अपघाताचा किती खर्च आपल्या अंगावर येतो, ती रक्कम कार्डावर रोखून ठेवतात का, टायर, काचा आणि गाडीचा खालचा भाग विम्यात धरलेले आहेत का, मध्यरात्री गाडी बंद पडली तर फोन कुणाला करायचा. काउंटरवरचा मुलगा शांतपणे उत्तरं देत होता. टायर आणि काचा मूळ विम्यात नव्हत्या, त्या आम्ही जादा पैसे देऊन घातल्या. बेटावरच्या आतल्या रस्त्यांना कडेला बाजूपट्टी नसते, डांबर संपलं की थेट दगडी गटार किंवा शेत. टायर फाटण्याची शक्यता तिथेच जास्त.

मग गाडी. मोठी गाडी त्याच भाड्यात देतो म्हणाले, आम्ही नको म्हटलं. गावांमधले रस्ते अरुंद, समोरून बस आली की इंचाइंचाचा हिशोब. लहान ऑटोमॅटिक गाडी ठरली होती, तीच घेतली. दादाने गाडीभोवती फिरून व्हिडिओ काढला, ओरखडे फॉर्मवर लिहून घेतले. मी डिकी उघडून स्टेपनी दाबून पाहिली. हवा अगदीच कमी होती. मुलाने कुरकुर न करता ती भरून आणली, जॅक आणि पाना आहेत ना हेही दाखवलं. हे सगळे करतात ना, असं वाचणाऱ्याला वाटेल. त्या वेळात आमच्या शेजारून बऱ्याच गाड्या डिकी न उघडताच निघून गेल्या.

मनूची सीट मागच्या आसनावर घट्ट बसवायला वेळ लागला. पट्टा गाठीसारखा पिळला गेला होता, तो सरळ केल्याशिवाय वहिनींनी गाडी हलू दिली नाही. मग वाहनतळातच दादाने गाडी पुढेमागे घेतली. ब्रेक किती दाबला की लागतो, वायपरची काडी कुठली, इंडिकेटरची कुठली, दिवे कसे लागतात, मागची काच पुसायचं बटण कुठे, आरसे कसे वळतात. आरसे आणि आसन लावूनच बाहेर पडायचं, चालत्या गाडीत काही शोधायचं नाही. फोन धारकात अडकवला. नकाशा आधीच उतरवून ठेवला होता, त्यात ब्लू बेचा पत्ता इमारतीतच घातला.

विमानतळाबाहेर पडल्या पडल्या गोल चौक येतो. तिथे चौकात आधीपासून असलेल्या, म्हणजे उजवीकडून येणाऱ्या गाडीला आधी जाऊ द्यायचं. नियम आपल्याकडेही हाच आहे. फरक एवढाच की तिथे तो सगळे पाळतात, आणि मागचा गाडीवाला धरून चालतो की तुम्हीही पाळाल. चौकात निम्म्यात घुसून थांबलात तर मागून धडक बसेल. वहिनी मोठ्याने मोजत होत्या, ‘पहिला नाही, दुसरा फाटा.’ पंधरा-वीस मिनिटांत ब्लू बे. दुपारचं ऊन होतं, समुद्रावरून आग्नेयेचा गार वारा. गाडी लावली ती त्या दिवशी पुन्हा काढली नाही. रात्री आठला सगळे गाढ झोपलो.

रविवार

रविवारी सकाळी रस्ते मोकळे असतात. सरावासाठी याहून चांगली वेळ नाही. मी गाडी घेतली आणि माहेबूरमधून किनाऱ्याने व्ह्यू ग्रां पोरपर्यंत गेलो. या उपसागरात ऑगस्ट १८१० मध्ये फ्रेंचांनी इंग्रजांना आरमारी लढाईत हरवलं. पॅरिसच्या विजयकमानीवर या लढाईचं नाव कोरलेलं आहे. किनाऱ्यावर बसून मनूने त्या जहाजांची बरीच चित्रं काढली.

माझं लक्ष मात्र रस्त्यावरच्या माणसांवर होतं. पदपथ जवळजवळ नाहीत. चर्चला निघालेली कुटुंबं, सायकलवरचे म्हातारे, फाटकासमोर पसरलेली कुत्री, सगळे डांबराच्या कडेवर. बस थांबते ती बऱ्याच ठिकाणी मार्गिकेतच. तिला ओलांडून पुढे जायचं म्हणजे समोरच्या बाजूला जावं लागतं, आणि बससमोरून उतरलेलं माणूस रस्ता ओलांडत असतं. ताशी ६० ने गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर कापते. आम्ही ठरवलं, बस थांबली की आपणही थांबायचं. तीस सेकंदांचा प्रश्न असतो. मागचा कुणी चिडला तर चिडू दे. खरं तर तिथे हॉर्नही फारसा कुणी वाजवत नाही.

दुपारी निवासाच्या मालकांशी बोललो. सत्तरीचे गृहस्थ, पणजोबा बिहारमधून आलेले, बायकोशी क्रिओलमध्ये आणि आमच्याशी हिंदीत बोलणारे. आम्ही सोमवारी दक्षिणेच्या किनाऱ्याने पश्चिमेला जाणार म्हटल्यावर त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. सोमवारी माहेबूरचा मोठा बाजार असतो, त्या बाजूला अजिबात जाऊ नका, ब्लू बेहून सरळ प्लेन मान्येंकडे निघा. आणि ऊसतोड चालू आहे, लेस्कालियेच्या रस्त्यावर कारखान्याच्या गाड्या लागतील, त्यांच्या मागे राहायचं, ओलांडायचं नाही. ‘बेटा, गन्ना गिरता है,’ म्हणाले. दादाने ‘हो काका’ म्हणून वहीत लिहून घेतलं. नकाशाचं ॲप कितीही चांगलं असलं तरी त्याला सोमवारचा बाजार ठाऊक नसतो.

संध्याकाळी पाचला सार्वजनिक किनाऱ्यावरून लोक घरी परतू लागले. दिवसभर सहलीला आलेली मोठमोठी कुटुंबं, गाड्यांत आणि गाड्यांभोवती मुलं, काहींची पार्टी झालेली. आम्ही ते गच्चीवरून पाहिलं. रविवारची संध्याकाळ ही रस्त्यावर असण्याची वेळ नाहीच.

सोमवार

आठला निघालो, सूर्य पाठीशी घेऊन. हा आमच्या आराखड्यातला मला सगळ्यात आवडणारा भाग. प्रवास पूर्वेकडून पश्चिमेकडे असेल तर तो सकाळी करावा, ऊन पाठीमागून येतं आणि समोरचं सगळं उजळलेलं दिसतं. तोच रस्ता दुपारी चारनंतर धरला तर उतरता सूर्य काचेतून थेट डोळ्यांत येतो, आणि त्या झगमगाटात सावलीतून चालणारं माणूस दिसतच नाही. उलट दिशेला उलट नियम. ज्यांना बेटाच्या दुसऱ्या टोकाला जायचंय त्यांनी अंतरासोबत सूर्याची बाजूही पाहावी. फुकट मिळणारी सुरक्षितता आहे ही.

काकांनी सांगितल्याप्रमाणे ला बाराकच्या साखर कारखान्याकडे जाणारे ट्रक भेटले. उसाने इतके भरलेले की दोन्ही बाजूंनी टिपऱ्या लोंबत होत्या, मागचे दिवे निम्मे झाकलेले. रस्त्यावर पडलेल्या टिपऱ्यांवरून मोटरसायकल घसरते, आणि समोरची गाडी त्या चुकवायला एकदम आपल्या बाजूला येते. ट्रकपासून भरपूर अंतर ठेवून चाललो. न तोडलेला ऊस दोन-अडीच पुरुष उंच, त्यामुळे शेतातून येणारे फाटे आणि वळणं यांच्या पलीकडचं काहीच दिसत नाही. तोडणी झालेल्या शेतापाशी तोच रस्ता एकदम उघडा पडतो आणि आपोआप वेग वाढतो. तिथेच सांभाळायचं, कारण पुढच्या वळणावर पुन्हा उसाची भिंत. ॲपने एकदा शेतातून जाणारा ‘जवळचा’ कच्चा रस्ता सुचवला, वहिनींनी तो बाजूला सारला. मुख्य रस्ता सोडायचा नाही हे ठरलेलंच होतं.

सुयाकला ग्री ग्रीच्या कड्यावर थांबलो. मॉरिशसभोवती प्रवाळाची तटबंदी आहे, त्यामुळे बहुतेक किनारे शांत. इथे ती तुटलेली, आणि महासागर थेट खडकावर येऊन आदळतो. पाण्यात उतरायची ही जागा नव्हे. गाडीतून उतरताना पिशव्या डिकीत गेल्या होत्या, त्याही निघतानाच, इथे येऊन नाही. पर्यटनस्थळी पोचल्यावर सगळ्यांदेखत डिकी उघडून कॅमेरा-पाकीट आत ठेवणं म्हणजे चोराला जागा दाखवणं.

सुयाकनंतर रस्ता समुद्राला चिकटतो. रियांबेल, बेल ऑम्ब्र, बे दु काप. मग माकोंदे. इथे डोंगराचा काळा खडक पाण्यापर्यंत आलेला आहे आणि रस्ता त्याच्या पायथ्याला वळसा घालतो. छायाचित्रांत हे वळण फार सुंदर दिसतं, आणि नेमका त्याचाच त्रास. लोक वळणावरच थांबतात, रस्त्याच्या मधे उभे राहून फोटो काढतात. दादाने वेग एकदम उतरवला, हॉर्नचा एक हलका आवाज दिला, वळण पार करून पुढे रुंद जागेत गाडी पूर्ण रस्त्याबाहेर घेतली. मग चालत मागे आलो. वर चढायला पायऱ्या आहेत, तिथून डावीकडे-उजवीकडे निळं-हिरवं पाणी आणि खाली आपण आलो तो रस्ता.

ल मॉर्नचा डोंगर दिसू लागला तेव्हा अकरा वाजले होते. ५५६ मीटर उंचीचा हा सुळका. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या काळात मालकांकडून पळालेले गुलाम त्याच्या कपारींत लपून राहत. २००८ मध्ये युनेस्कोने तो जागतिक वारशात घेतला. त्याच्या पायथ्याशी जेवलो, जेवणानंतर अर्धा तास झाडाखाली आडवे झालो आणि मी गाडी घेतली. पोटभर जेवून लगेच चालवलं की दुपारी दोनला डोळे जड होतात. ला गोलेत, तामारें असं करत तीनच्या आत फ्लिक अं फ्लाकला मुक्कामी पोचलो. सूर्य अजून बराच वर होता.

मंगळवार

गाडीला सुट्टी. समुद्र, वाळू, मनूचे किल्ले. संध्याकाळी टायरांची हवा आणि काचा पाहिल्या, समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याने काचेवर धुरकट थर बसतो आणि समोरून ऊन आलं की त्यातून काही दिसत नाही. पेट्रोल भरलं. पेट्रोलचा भाव सरकार ठरवतं आणि तो बेटभर एकच असतो, म्हणून स्वस्त पंप शोधण्यात अर्थ नाही. टाकी निम्म्यावर आली की भरायची.

बुधवार

आज डोंगर. काझ नोयालपासून शामारेलचा घाट चढतो, तीव्र चढ आणि एकापाठोपाठ एक वळणं. घाट ओळखीचे असतात आपल्याला, पण इथे दोन गोष्टी वेगळ्या होत्या. पर्यटकांच्या मोठ्या बस वळणावर दोन्ही मार्गिका व्यापतात, म्हणून वळणाआधी थांबून त्यांना येऊ द्यावं लागतं. आणि आमची गाडी ऑटोमॅटिक. उतरताना नुसत्या ब्रेकवर राहिलं तर ब्रेक तापतात आणि मग पायाखाली मऊ लागतात, धरत नाहीत. ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरायचं, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम ऑटोमॅटिकलाही लागू आहे. गिअरची दांडी खालच्या गिअरच्या खुणेवर आणायची, इंजिन गाडीला आवरून धरतं. शनिवारी वाहनतळात दादाने ती खूण शोधून ठेवली होती.

शामारेलची रंगीत माती सकाळच्या उन्हात पाहावी. ज्वालामुखीचा काळा बेसॉल्ट खडक झिजून त्याची माती झाली, आणि तिच्यातल्या लोह आणि ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडांनी तांबडे, जांभळे, तपकिरी थर उठले. मनूला ते रंग डबीत भरून हवे होते.

तिथून प्लेन शांपान्यच्या पठारावर गेलो, १९९४ मध्ये घोषित झालेल्या ब्लॅक रिव्हर गॉर्जेस राष्ट्रीय उद्यानातून. खाली किनाऱ्यावर कडकडीत ऊन होतं, इथे अर्ध्या तासात धुकं. एवढ्याशा बेटावर हवा अशी बदलते हे नकाशा सांगत नाही. व्यापारी वारे ओलावा घेऊन येतात, पठारावर चढतात, गार होतात आणि तिथेच ढग बसतो. लो बीम लावले. धुक्यात हाय बीम लावला की उजेड थेंबांवरून परतून आपल्याच डोळ्यांवर येतो. वेग तीसवर आणला, काच थोडी खाली केली, समोरून येणाऱ्या गाडीचा आवाज यावा म्हणून. आत काचेवर वाफ धरू लागली तेव्हा एसी चालू करून हवा समोरच्या काचेवर सोडली, लगेच स्वच्छ झाली. दरीच्या दृश्यबिंदूवर धुकं फाटलं. खाली गच्च जंगल, दरीत लांब शेपटीचे पांढरे पक्षी तरंगत होते. वाहनतळावर माकडं होती, काचा वर करूनच उतरलो.

पुढे गंगा तलाव. हे ज्वालामुखीच्या विवरातलं तळं, काठावर मंगल महादेवाची ३३ मीटर उंच मूर्ती. महाशिवरात्रीला बेटाच्या कानाकोपऱ्यातून लोक पायी कावडी घेऊन इथे येतात, दिवस-रात्र चालत. त्या दिवसांत या बाजूला गाडीने येणाऱ्याने रस्ता चालणाऱ्यांचा आहे असं धरूनच यावं, शक्यतो रात्री येऊच नये. गणेशचतुर्थीलाही तसंच. ती मॉरिशसमध्ये सार्वजनिक सुट्टी आहे आणि विसर्जनाच्या मिरवणुका किनाऱ्यांकडे जातात. कोकणातून गेलेल्या मराठी घरांनी तिथे शतकाहून जास्त काळ गणपती सांभाळला. तळ्याच्या काठी एक आजी भेटल्या. आमचं बोलणं ऐकून थांबल्या आणि ‘तुम्ही मराठी काय?’ म्हणाल्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. वहिनींनी वाकून नमस्कार केला.

परतीला डोंगराचा तोच घाट घ्यायचा नाही असं ठरवलं होतं. वाकोआकडून उतरलो, रस्ता लांबचा पण रुंद. साडेचारला मुक्कामी.

गुरुवार

पोर्ट लुई पाहायचंच होतं, पण तिथे गाडी न्यायची नाही हे घरूनच ठरलेलं. सकाळ-संध्याकाळ राजधानीत शिरणारे रस्ते गच्च भरतात, गाडी लावायला जागा मिळत नाही, आणि नवख्याने तिथे शिकत बसू नये. बसने कात्र बोर्न, तिथून मेट्रो. ही मेट्रो भारताच्या मदतीने उभी राहिली, बांधली लार्सन अँड टुब्रोने. एखाद्या दिवशी गाडी न काढणं हाही गाडीप्रवासाच्या आराखड्याचाच भाग असायला हवा.

आप्रवासी घाटावर गेलो. १८३४ पासून १९२० पर्यंत जवळजवळ पाच लाख करारबद्ध मजूर भारतातून मॉरिशसला आले किंवा इथून पुढे गेले, ते या धक्क्यावर उतरून. दगडी पायऱ्या अजून आहेत. त्या लोकांना पुढे कुठे नेणार, कसं नेणार, काहीच ठाऊक नव्हतं. बराच वेळ आम्ही कुणी बोललो नाही.

शुक्रवार

विमान रात्री उशिराचं. तरीही गाडी उजेडी परत करायची, हे ठाम. दुपारी दोनला निघालो. कात्र बोर्नवरून फिनिक्सपाशी मोटरवेला लागलो आणि सरळ प्लेझान्स. मोटरवेवर मर्यादा जास्तीत जास्त ११० ची, ठिकठिकाणी ती कमी होते, आणि वेग टिपणारे कॅमेरे आहेत. मधूनच गोल चौकही येतात, ऐंशी-नव्वदच्या वेगातून एकदम थांबायची वेळ येते. क्युरपिपच्या चढावर पाऊस लागला. पहिल्या दहा मिनिटांचा पाऊस सगळ्यात निसरडा, डांबरावरचं तेल आणि धूळ त्याने ओली होतात पण धुऊन जात नाहीत. दादाने डाव्या मार्गिकेत सत्तरने गाडी ठेवली. उरलेले सगळे उजवीकडून पुढे गेले.

विमानतळाजवळ टाकी भरून पावती ठेवली. काउंटरवरच्या माणसासोबत गाडीभोवती पुन्हा फिरलो, शनिवारचा व्हिडिओ आणि फॉर्म समोर धरून. एकही नवा ओरखडा नव्हता. कार्डावर रोखलेली रक्कम सोडल्याचा कागद दादाने मागून घेतला, तो मिळेपर्यंत हलला नाही.

सव्वापाच वाजले असतील. शेजारच्या खिडकीपाशी नुकतंच उतरलेलं एक तरुण जोडपं कागदांवर सह्या करत होतं. मुलगी उभ्या उभ्या पेंगत होती. वहिनींनी सहज विचारलं, कुठे मुक्काम? ग्रां बे, मुलगा म्हणाला. म्हणजे संध्याकाळच्या गर्दीत पोर्ट लुईवरून बेटाचं दुसरं टोक, आणि तासाभरात अंधार. टेर रूज-व्हर्दनचा रस्ता राजधानी टाळून जातो खरा, पण तो डोंगरातून जातो. मी त्यांना हे सगळं सांगितलं, माहेबूर किती जवळ आहे तेही. ती दोघं एकमेकांकडे पाहत राहिली. मग मुलाने काउंटरवरच्या माणसाला विचारलं, गाडी उद्या सकाळी आठला घेतली तर चालेल का. चालणार होतं. वहिनींनी ब्लू बेच्या काकांचा नंबर त्याला लिहून दिला.